सोडलेल्या हक्कांची साक्ष

नामदेवांविषयी वारकरी परंपरेने जिवापाड जपलेली एक कथा त्यांच्या गौरवाची नाही. तेरच्या मेळ्यात मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबाकाका थापटणे हातात घेतात आणि जमलेल्या संतांची डोकी एकेक करून ठोकून पाहतात. बाकीचे मुकाट बसतात, नामदेव चिडतात, आणि त्या चिडण्यावरच निवाडा होतो : हे मडके कच्चे. ही गोष्ट सांगितली जाते तशीच घडली का, हा प्रश्न निराळा. संतचरित्रे इतिहासाच्या कसोटीला सगळीच उतरत नाहीत. पण कोणती कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगत राहायचे हे परंपरा ठरवते, तेव्हा तिचे स्वतःचे मत त्यातून कळते. ज्याच्या हातचा नैवेद्य विठ्ठलाने खाल्ला, ज्याच्याशी देव सख्यासारखा बोलला असे हीच परंपरा सांगते, त्यालाच ती त्या अनुभवाच्या जोरावर उत्तीर्ण करत नाही. नामदेव तक्रार घेऊन पंढरीला परततात, तर देवही त्यांची बाजू घेत नाही. त्यांना औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे धाडतो. तिथे गुरू पिंडीवर पाय टाकून पडलेले. देव नसेल त्या जागी माझे पाय उचलून ठेव, असे ते सांगतात आणि तशी जागा नामदेवांना सापडत नाही. देवावर आपला इतरांहून वेगळा अधिकार आहे, तो पंढरीच्या त्या विटेवर आहे आणि आपल्याशी बोलतो, ही नामदेवांची सर्वांत प्रिय मिळकत होती. तीच त्यांना सोडावी लागली. पुढे त्यांचे नाव पंजाबात घुमानपर्यंत पोचले आणि गुरू ग्रंथसाहेबात त्यांची एकसष्ट पदे गेली. हे नामदेव आणि आपले नामदेव एकच का, याविषयी अभ्यासकांत वाद आहे, पण परंपरेच्या दृष्टीने ते एकच आहेत, आणि विसोबांनंतरच्या नामदेवांना पंढरीबाहेरही देव सापडावा हे तिच्या कथेशी सुसंगतच आहे.

अंतःकरणाच्या पालटातून माणसाचा जुना 'मी' गळून पडतो, हा विचार जगातल्या बहुतेक धर्मांत आहे आणि प्रत्येकाने तो आपापल्या परिभाषेत मांडला आहे. बौद्धांनी मुळात टिकाऊ असा 'मी' आहे हेच नाकारले. मिलिंद राजाला नागसेनाने रथाच्या सुट्या भागांची उदाहरणे देत ते समजावले. ख्रिस्ती धर्मात पौलाच्या नावाने असलेल्या इफिसकरांस आणि कलस्सैकरांस या पत्रांत जुना मनुष्य उतरवून ठेवण्याची आणि नवा धारण करण्याची भाषा आहे. गीतेत स्थितप्रज्ञ आहे, संतांच्या घरी मीपण जाणे आहे. या सगळ्यांविषयी आज जे लिहिले आणि विकले जाते, त्यात एक समज पक्का बसलेला दिसतो : हा पालट म्हणजे आत घडणारी एक घटना, तिची ओळख म्हणजे एक विशिष्ट अनुभूती, आणि ती अनुभूती आली की काम झाले. सात दिवसांच्या शिबिरात ती मिळते असे सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. माझे म्हणणे याच्या उलट आहे. मराठी मुलखात या विषयावर जो पुरावा साठलेला आहे, तो नीट पाहिला तर असे दिसते की जुना 'मी' सुटल्याची साक्ष अनुभूती देत नाही. ती साक्ष माणसाने सोडून दिलेला हक्क देतो. काल जे माझे म्हणून मी मागत होतो, वसूल करत होतो, ज्याच्यासाठी भांडत होतो, त्यातले आज मी काय मागत नाही, एवढेच बाहेरून तपासता येते. आतूनसुद्धा, माझ्या मते, याहून खात्रीचे काही तपासता येत नाही.

हा निकष मी बाहेरून लादत नाही, तो ग्रंथांतच आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण स्थिर बुद्धीविषयी बोलतो, तेव्हा अर्जुन त्या अवस्थेत काय वाटते असे विचारत नाही. असा माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा, हे विचारतो. तेराव्या अध्यायात तर ज्ञान म्हणजे काय याचे उत्तर मान नको असण्यापासून सुरू होणाऱ्या लक्षणांच्या यादीने दिलेले आहे, आणि ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये त्या यादीवर ओव्यांमागून ओव्या खर्च केल्या. अहिंसेवर ते बोलू लागले की ज्ञानी माणसाचे पाऊल जमिनीवर कसे पडते, त्याची नजर दुसऱ्यावर कशी टेकते, इथपर्यंत जातात. इफिसकरांच्या पत्रातही जुन्या मनुष्याची भाषा संपते न संपते तोच अगदी रोखठोक सूचना येतात : खोटे बोलणाऱ्याने खरे बोलावे, चोरी करणाऱ्याने चोरी सोडून हाताने काम करावे, म्हणजे गरजवंताला द्यायला त्याच्यापाशी काही असेल, रागावर सूर्य मावळू देऊ नये. ज्या चोराचा जुना मनुष्य गेला त्याला काय दिसले, कोणता प्रकाश जाणवला, याबद्दल तिथे अवाक्षर नाही.

आता तुकोबा. मराठीत या विषयाची चर्चा त्यांच्याशिवाय होऊच शकत नाही, आणि त्यांच्या बाबतीत पुरावाही इतरांहून दाट आहे, कारण स्वतःविषयी ते स्वतः बोलले आहेत. देहूचे हे घर सुखवस्तू होते. महाजनकी होती, शेती होती, दुकान होते, सावकारी होती. 1630 च्या आसपासच्या दख्खनच्या भीषण दुष्काळात ते सगळे कोसळले. थोरली पत्नी रखुमाई अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दिवाळे निघाले, गावात पत गेली. हा क्रम त्यांनी एका आत्मपर अभंगात सांगितला आहे आणि तोही संतांनी विचारले म्हणून, काहीशा नाखुशीने. त्या अभंगात दिव्य प्रकाश नाही. दुष्काळ आहे, लाज आहे, पडक्या देवळाची डागडुजी आहे, कीर्तनात मागे उभे राहून धरलेले ध्रुपद आहे. परंपरेने यात आणखी एक प्रसंग घातला, जो महिपतींनी अठराव्या शतकात विस्ताराने लिहिला : डोंगरावरून परतल्यावर तुकोबांनी कुळांकडून येणे असलेल्या कर्जखतांचे दोन वाटे केले, अर्धी धाकट्या भावाला, कान्होबाला, देऊन टाकली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. या प्रसंगातला माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचा तपशील नदी हा नाही, वाटणी हा आहे. कान्होबाचा वाटा तुकोबांनी बुडवला नाही. वैराग्याच्या भरात सगळेच पाण्यात टाकणे अधिक दिमाखदार दिसले असते, पण ते दुसऱ्याच्या मालकीचे दान झाले असते. माणूस फक्त आपलाच हक्क सोडू शकतो, हे भान त्या वाटणीत आहे. आणि बुडवली ती कर्जखते. रोकड दान केल्याचे ही कथा सांगत नाही. दान देणारा दाता म्हणून उरतो, घेणारा त्याचा मिंधा होतो. कर्जखत बुडाले की घेणेकऱ्याचे घेणेकरीपणच संपते. दुष्काळात होरपळलेल्या कुळांच्या दारात पुन्हा न जाण्याची ती तजवीज होती. भूतदयेची दुसरी एखादी कथा या जागी चालली असती, पण परंपरेने नेमकी हीच धरून ठेवली.

या निवाड्याच्या विरुद्ध लगेच असे म्हणता येईल की तुकोबांचा जुना 'मी' गेलाच कुठे? वाणी गेला म्हणावे तर गाथेत पानोपानी बाजार आहे : माप आहे, भांडवल आहे, नफा-तोटा आहे, खरे-खोटे नाणे आहे, दिवाळे आहे. कुणबी गेला म्हणावे तर पेरणी आणि रास आहे. तापटपणा तर असा शाबूत की ढोंग्यांविषयी बोलताना शिवी सहज येते. मला हा आक्षेप वाटत नाही, उलट आधार वाटतो. जुन्या माणसाची भाषा, कसब, स्वभाव, ओळखीची हत्यारे यांपैकी काहीच जावे लागत नाही; त्यांवर चालणारी वसुली तेवढी थांबते. तोल-मापाचे जे ज्ञान पूर्वी कुळाकडून शेवटचा पैसा काढायला वापरले जात होते, तेच आता स्वतःला तोलायला लागले. माणूस संपूर्ण पुसला जाऊन त्या जागी कोणी निराळाच उभा राहतो, ही कल्पना मोहक आहे, पण तिला आपल्या चरित्रांत आधार सापडत नाही. जिथे माणूस खरोखर पुसला जातो, नाव, नातीगोती, हसणे, विनोद सगळेच जाते आणि सगळे अनुयायी एकाच सुरात बोलू लागतात, तिथे बहुधा कोणा गुरूचा 'मी' त्या रिकाम्या जागेत राहायला आलेला असतो.

आणखी एक अडचणीचा पुरावा आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. त्याच इंद्रायणीत दुसऱ्यांदा कागद बुडाले ते अभंगांच्या वह्यांचे, रामेश्वर भटांच्या आक्षेपामुळे. या वेळी तुकोबा शांतपणे घरी गेले नाहीत. ते तेरा दिवस अन्नपाणी सोडून धरणे धरून बसले. कर्जखते सहज सोडणाऱ्याला कविता सोडवेना, असे कोणी म्हटले तर त्याला खोटे पाडता येणार नाही. शब्द आपले नाहीत, देवाचे आहेत, असे मानणारा माणूस त्या शब्दांसाठी देवाला वेठीस धरतो, हा विरोध खराच आहे. पण वह्या परत आल्यानंतरचे अभंग पाहावेत. त्यांत विजयाचा घोष कमी आणि पश्चात्ताप जास्त आहे. मी तुझा अंत पाहिला, तुला उगाच शिणवले, अशी ती कबुली आहे. म्हणजे स्वतःच्या धरण्यातला दावा तुकोबांना दिसला, आणि दिसल्यावर त्यांनी तो मागे घेतला. यावरून एवढे निघते की हक्क सोडणे एकदाच होऊन संपत नाही. एक सुटला की दुसरा, अधिक सूक्ष्म आणि अधिक प्रिय, पुढे येतो. छापील गाथांत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत आणि ते लिहिले गेले त्या क्रमाने लावलेले नाहीत, त्यामुळे तळमळ आधीची आणि तृप्ती नंतरची अशी सरळ शिडी त्यांतून बांधता येत नाही. बांधणाऱ्यांनी ती बांधली आहे, पण ती त्यांची.

मानसशास्त्राचा आक्षेप यानंतर येतो. दुष्काळ, दिवाळे, दोन मृत्यू; यानंतर डोंगरावर जाऊन बसणाऱ्या माणसाला आज आपण समुपदेशकाकडे नेले असते. ज्याला आध्यात्मिक पालट म्हणायचे तो खचलेल्या मनाने शोधलेला निवारा नसेल कशावरून? विल्यम जेम्स यांनी एडिंबरा इथल्या व्याख्यानांत, जी 1902 मध्ये पुस्तकरूपाने आली, या तर्काला सडेतोड उत्तर दिले होते : एखादी गोष्ट कशातून उगवली यावरून तिची किंमत ठरत नाही, ती तिच्या फळांवरून ठरवावी. जेम्स यांच्याशी मी इथपर्यंत सहमत आहे. पण फळे कोणती, हे सांगताना ते पुष्कळदा त्या माणसाच्या मनःशांतीकडे, उत्साहाकडे, बळाकडे झुकतात. ही फळे खचलेल्या मनाला औषधानेही मिळू शकतात आणि ती मिळाली तर आनंदच आहे. खचलेला माणूस डोंगरावर जातो हे समजू शकते. खाली उतरून आल्यावर त्याने आपले येणे सोडून दिले, हे दुःखाने समजावता येत नाही. दिवाळे निघालेला माणूस स्वाभाविकपणे उरलेली कर्जखते अधिकच घट्ट धरतो.

जिजाईच्या बाजूने येणारा आक्षेप मात्र मला याहून फार वजनदार वाटतो. तुकोबांनी आपल्या वाट्याचे सोडले, ठीक. पण तो वाटा केवळ त्यांचा होता का? घरात दुसरी पत्नी होती, लेकरे होती, त्यांच्या तोंडचा घास त्याच कर्जखतांत होता. कीर्तनकारांनी शतकानुशतके जिजाईला कजाग म्हणून रंगवले आणि श्रोत्यांना हसवले. जेवण घेऊन रोज डोंगर चढणारी बाई भांडखोर ठरली, हा त्या संपूर्ण श्रोतृवर्गाचा दोष आहे. कान्होबाचा वाटा वेगळा काढणाऱ्या न्यायबुद्धीने जिजाईचाही काढायला हवा होता. सतराव्या शतकाच्या कायद्यात आणि रूढीत तिला असा वाटा नव्हता, हे स्पष्टीकरण आहे, समर्थन नाही. माझा निकष मी इथे मागे घेत नाही, उलट त्याच्याच आधाराने हे म्हणतो : जिथे सोडणाऱ्याचा त्याग दुसऱ्याच्या पानातून वसूल होतो, तिथे हक्क सुटलेला नसतो, त्याचा बोजा फक्त दुसऱ्याच्या खांद्यावर गेलेला असतो. तुकोबांच्या चरित्रात दोन्ही आहे. ते देहू सोडून गेले नाहीत, संसारातच राहिले, आणि त्यांच्या संसाराचा भार पुष्कळसा जिजाईने ओढला.

हीच गोष्ट अडीचशे वर्षांनी आपल्याला दुसऱ्या बाजूने वाचायला मिळते, कारण या वेळी पत्नीने स्वतः लिहिले. नारायण वामन टिळकांनी 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती बायबल ठेवले आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरले, ही त्यांच्या पालटाची प्रसिद्ध हकिकत आहे. कवीचा पालट म्हणून ती सुंदर आहे. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला मात्र तो पालट आकाश कोसळावे तसा आला आणि काही वर्षे दोघे वेगळी राहिली. 1934 पासून भागांनी प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'त त्या हे सगळे, स्वतःचे रडणे आणि नवऱ्याचा विक्षिप्तपणा धरून, इतक्या निर्मळ विनोदाने सांगतात की वाचणाऱ्याला कोणाचीच बाजू घ्यायचे सुचत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या पुस्तकातला क्रम महत्त्वाचा आहे. पतीकडे परत गेल्यावरही त्यांनी सोवळे कसोशीने पाळले. मग एके दिवशी जातीच्या उतरंडीचा विचार करता करता ती माणसांचीच करणी आहे असे त्यांना पटले आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 चा. आधी जन्माने मिळालेला वरचढपणा सुटला, नव्या धर्माचा शिक्का मागाहून बसला. एरवी लोक शिक्का आधी मारून घेतात आणि वरचढपणा तसाच नव्या घरी नेतात. मराठी ख्रिस्ती समाजात जातीचे भान किती काळ टिकून राहिले, हे त्या समाजातल्या लेखकांनीच लिहून ठेवले आहे.

इथपर्यंतच्या सगळ्या उदाहरणांचे नायक सावकार, ब्राह्मण, कवी असे आहेत. त्यांच्यापाशी सोडायला काहीतरी होते. म्हणून सर्वांत कठीण प्रश्न आता येतो. ज्याला 'मी' म्हणण्याचाच अधिकार नव्हता, त्याला 'मी' सोडायला सांगणे ही क्रूर थट्टा नाही काय? चोखोबा 1338 मध्ये मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत अंगावर कोसळून गेले, वेठीच्या कामावर. समाधी मिळाली ती पंढरीच्या महाद्वारासमोर, पायरीशी. जिवंतपणी आत जाता आले नाही. त्यांचा मुलगा कर्ममेळा याने अभंगांतून देवाला जे टोकदार प्रश्न विचारले, ते या आक्षेपाचेच सातशे वर्षांपूर्वीचे रूप आहे. मीपणा टाका हा उपदेश वरच्याने खालच्याला केला की त्याचा अर्थ 'मुकाट राहा' असा होतो, आणि आपल्याकडे तो तसा झालेला आहे. हे मान्य केल्याशिवाय या विषयावर पुढे एक वाक्यही लिहू नये.

तरीही हक्काचा निकष इथे लागू पडतो, आणि तो कसा, हे बाबासाहेब आंबेडकरांच्या कार्यात फार स्पष्ट दिसते. गावगाड्यात महारांपाशी काहीच नव्हते असे नाही. वतन होते, बलुते होते, परंपरेने सांगितले जाणारे बावन्न हक्क होते. मेलेल्या गुराचे मांस आणि कातडे हाही त्यांतलाच एक. पिढ्यान्‌पिढ्या या हक्कांचा अभिमान बाळगला गेला होता आणि नेमक्या त्याच हक्कांनी माणसाला गावाच्या पायाशी जखडून ठेवले होते. 1927 च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. आणि 1956 च्या 15 ऑक्टोबरला, धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात मेलेल्या गुरांपासून मिळणारे उत्पन्न बुडते असा हिशेब मांडणाऱ्यांचा खरपूस समाचार घेतला. आदल्या दिवशीच्या बावीस प्रतिज्ञांत नवा जन्म झाल्याची भावना आहे, पण बहुतेक प्रतिज्ञा मी अमुक मानणार नाही, तमुक करणार नाही, अशा आहेत. सावकाराच्या जुन्या 'मी'ला दुसऱ्याकडून येणे असलेले घेणे सोडावे लागते. ज्याला पायदळी ठेवले गेले, त्याच्या जुन्या 'मी'ला तो पायदळीच्या जागेचा मोबदला सोडावा लागतो : शिळी भाकर, वतनाचा तुकडा, मालकाची मर्जी. हे सोडणे पहिल्यापेक्षा अवघड, कारण मोबदला पोटाचा असतो आणि तो नाकारणाऱ्याच्या घरी दुसरा आधार नसतो. येवल्याच्या 1935 च्या घोषणेपासून नागपूरपर्यंत एकवीस वर्षे गेली, ती केवळ धर्म निवडण्यात गेली असे मला वाटत नाही. 1948 मध्ये अस्पृश्यांच्या उगमावरचे आपले पुस्तक बाबासाहेबांनी ज्या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केले, त्यांत चोखोबा आहेत. चोखोबांचा मार्ग त्यांनी घेतला नाही, तरी चोखोबांना टाकलेही नाही.

त्यागाचे भांडवल होते, ही शंका राहते. भारतात हक्क सोडणाऱ्याला लगेच त्याहून मोठा हक्क मिळतो. जो पैसा सोडतो त्याच्या पाया लोक पडतात. शिवरायांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत केला ही कथा म्हणूनच हवी होती, आणि चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवाचा योगाभ्यास कोऱ्या पत्रापाशी अडकला, तीही. सिद्धी, कीर्ती, वैराग्याची ख्याती हे सगळे हक्कच आहेत, फक्त त्यांचे कागद दिसत नाहीत. यावर बाहेरच्या माणसाकडे खात्रीचा उपाय नाही. वेळ हा थोडाफार उपाय आहे. टिळकांचेच पाहा : 1895 मध्ये त्यांनी जात आणि घरदार सोडले, पण त्या जागी मिशनचे वेतन, प्रतिष्ठा आणि 'ज्ञानोदय'चे संपादकपद आले. 1917 मध्ये त्यांनी वेतनावर पाणी सोडले आणि 'देवाचा दरबार' उभारायला घेतला, ज्यात ख्रिस्ताचा भक्त होण्यासाठी मराठीपण सोडण्याची गरज नव्हती. दोन वर्षांनी ते वारले. पहिला त्याग जगाला दिसला, वर्तमानपत्रांत गाजला. दुसऱ्याकडे फारसे कोणी पाहिले नाही, आणि मला तो पहिल्याहून मोलाचा वाटतो, कारण त्याच्या बदल्यात मिळण्यासारखे त्यांच्यापाशी फार थोडे उरले होते.

या साहित्याकडे प्रथमच वळणाऱ्याला एक सुचवावेसे वाटते. गाथेपासून सुरुवात करू नये. तुकोबांची प्रतिमा आपल्या मनात इतकी घट्ट आहे की अभंग वाचताना आपण प्रतिमाच वाचतो. बहिणाबाईंच्या आत्मपर अभंगांपासून करावी. 1700 मध्ये वारलेली ही शिऊरची ब्राह्मण बाई कुणबी तुकोबांना गुरू मानते, त्यासाठी नवऱ्याचा मार खाते, देहूला येऊन मंबाजीचा जाच सोसते. जातीचा हक्क तिने सोडला. नवऱ्याचा तिच्यावरचा हक्क मात्र तिने नाकारला नाही. पतिव्रतेचा धर्म तिने त्याच अभंगांत गायला, आणि आजच्या वाचकाला तिथे ठेच लागते. ती लागू द्यावी. आपला हक्क सोडणे आणि दुसऱ्याने आपल्यावर बसवलेला हक्क झुगारणे ही दोन कामे एका माणसाच्या हातून एकदम होत नाहीत, याचा इतका प्रामाणिक दस्तऐवज मराठीत दुसरा नाही. त्यानंतर 'स्मृतिचित्रे' घ्यावे, मग नागपूरचे भाषण, आणि गाथा सर्वांत शेवटी, शक्यतो क्रमाने न वाचता, मधूनच कुठून तरी.